रूझवेल्ट आणि कोळशाचा काटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ‘कामगारांचे कैवारी’ म्हटले आहे. हे विशेषण जरा सढळ हाताने दिले गेले. लेखात १९०२ च्या कोळसा संपाला दोनच ओळी आहेत. तो संप नीट पाहिला तर सरकार मालकांच्या बाजूने उभे राहिले नाही, एवढेच त्यातले नवे. अर्थात तेही थोडेथोडके नव्हे. १८९४ च्या पुलमन या रेल्वे डब्यांच्या कंपनीतल्या संपात अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लष्कर धाडले होते ते कामगारांवर.

पेनसिल्व्हेनियातले सुमारे दीड लाख खाणकामगार मे महिन्यापासून घरी बसलेले, हिवाळा तोंडावर. ३ ऑक्टोबरला रूझवेल्ट यांनी खाणमालक आणि कामगार नेते जॉन मिचेल यांना एका खोलीत आणले. बग्गीच्या अपघातात पाय जायबंदी झाल्याने रूझवेल्ट स्वतः चाकांच्या खुर्चीत होते. मालक मिचेल यांच्याशी बोलेनात. बोलणी फिसकटल्यावर लष्कराकरवी खाणी ताब्यात घेऊन चालवायची तयारी रूझवेल्ट यांनी केली. तेव्हा कुठे बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या मध्यस्थीने मालक लवाद आयोगाला कबूल झाले. त्यातही आयोगावर कोण असावे या मालकांच्या यादीत कामगार पुढाऱ्याला जागा नव्हती. ‘नामवंत समाजशास्त्रज्ञ’ मात्र होता. रूझवेल्ट यांनी त्या जागेवर रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुखच नेमला, आणि मालकांनी हूं की चूं केले नाही!

मार्च १९०३ च्या निवाड्यात मजुरी १० टक्क्यांनी वाढली. मागितली होती २० टक्के. कामाचे तास बहुतेकांचे दहाचे नऊ झाले. खाणकामगारांच्या संघटनेला मान्यता नाहीच.

लेखातून निसटलेली गोष्ट वजनाची. मी साखर कारखान्याच्या काट्यावर सव्वीस वर्षे कारकून होतो, त्यामुळे माझे लक्ष तिकडेच गेले. टन २,२४० पौंडांचा, पण दगडमातीच्या नावाखाली खाणीत त्याहून बराच जास्त माल भरून घेत आणि मजुरी एकाच टनाची देत. ‘काटा मारला’ हे शब्द ऊसवाल्यांच्या तोंडून मी रोज ऐकले आहेत. पेनसिल्व्हेनियातली तक्रार त्याच जातीची. निवाड्याने काट्याशेजारी कामगारांचा माणूस उभा करायची मुभा दिली. त्याचा पगार मात्र कामगारांनीच वर्गणी काढून द्यायचा होता.

आपला,
एक निवृत्त काटा कारकून, जि. सांगली