मंत्रिमहोदय, पुढच्या टोकियो दौऱ्यात अर्धा दिवस नाहाला द्या

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

पत्र ओकिनावाबद्दल आणि तिथल्या अमेरिकी लष्करी तळांबद्दल आहे; नाहा ही त्या प्रांताची राजधानी. जपानच्या एका प्रांताचं गाऱ्हाणं पुण्यातल्या माणसानं दिल्लीत का मांडावं, असा प्रश्न हे पत्र उघडणाऱ्याला पडेल. त्याचं उत्तर 1951 सालच्या एका टिपणीत आहे, आणि ती टिपणी आपल्याच मंत्रालयाची आहे.

त्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जपानशी शांतता करार व्हायचा होता. भारतालाही बोलावणं होतं. 23 ऑगस्टला नेहरू सरकारनं अमेरिकेला कळवलं की आम्ही सही करणार नाही. कारणं सविस्तर दिली होती. र्युक्यू बेटं, म्हणजे ओकिनावा आणि आसपासची बेटं, जपानला पूर्णपणे परत मिळाली पाहिजेत, हे एक. परक्या फौजा जपानात ठेवायच्या की नाही हे जपाननं स्वतंत्र झाल्यावर स्वतः ठरवावं, अमेरिकेच्या ताब्यात असतानाच झालेल्या अशा कराराला जपानची खुशी म्हणता येणार नाही, हे दुसरं. (तैवानबद्दल त्याच टिपणीत जे म्हटलंय ते आज दिल्लीला अडचणीचं वाटेल, तो विषय आत्ता नको.) भारतानं 9 जून 1952 ला जपानशी वेगळा करार केला आणि नुकसानभरपाईही सोडून दिली. आजही जपानी पाहुणे त्या उदारपणाचं नाव काढतात. सही न करण्यामागे ओकिनावाही होतं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

भारतानं ज्याची भीती घातली होती, तसंच घडलं. 28 एप्रिल 1952 ला जपान स्वतंत्र झाला आणि ओकिनावा अमेरिकी लष्कराच्या अंमलाखाली राहिलं. पुढची वीस वर्षं. ओकिनावाच्या माणसाला टोकियोला जायचं तर प्रवासाची कागदपत्रं काढावी लागत. शेतजमिनी संगिनी आणि बुलडोझर लावून घेतल्या गेल्या. तिथे र्युक्यू बेटांचं स्थानिक सरकार होतं, निवडून आलेली विधानसभाही होती. पण कुठलाही कायदा फिरवायचा अधिकार अमेरिकी उच्चायुक्ताकडे, आणि तो उच्चायुक्त म्हणजे लष्करातला जनरल. पॉल कॅरवे या उच्चायुक्तानं 1963 मध्ये भर सभेत सांगून टाकलं की इथली स्वायत्तता ही दंतकथा आहे. निदान खरं बोलला.

त्या काळातली एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1956 च्या डिसेंबरात नाहा शहरानं कामेजिरो सेनागा यांना महापौर केलं. हे डावे, लष्कराच्या डोळ्यांत सलणारे, तुरुंगात जाऊन आलेले. निकाल लागताच पालिकेचं अनुदान थांबलं आणि बँकेनं पालिकेच्या ठेवी गोठवल्या. हेतू उघड होता: पगार थकले, गटारं तुंबली की लोकच म्हणतील, हटवा याला. लोकांनी उलटंच केलं. पालिकेच्या दारात कर भरायला रांगा लागल्या, वसुली पूर्वी कधी नव्हती इतकी झाली. घरपट्टीवर सवलतीची वाट पाहणाऱ्या आपल्या शहरांतल्या माणसाला हे वाचून गंमत वाटेल. शेवटी नोव्हेंबर 1957 मध्ये उच्चायुक्तानं कायदाच बदलला आणि सेनागांना घरी बसवलं.

15 मे 1972 ला ओकिनावा जपानला परत मिळालं. अमेरिकी तळ मात्र जिथल्या तिथे राहिले. जपानच्या एकूण भूभागात ओकिनावाचा वाटा 0.6 टक्के, पण जपानभर केवळ अमेरिकी फौजांसाठी राखलेल्या जमिनीपैकी जवळपास 70 टक्के जमीन तिथे. आता कायद्याच्या भाषेत याला परकी सत्ता म्हणता येत नाही, करार आहे, टोकियोची संमती आहे. पण गव्हर्नरच्या खुर्चीतून काय दिसतं ते बघा. (हे गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. लोकांनी थेट निवडून दिलेले, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे.)

13 ऑगस्ट 2004 ला गिनोवान शहरातल्या फुतेन्मा या अमेरिकी तळाचं एक हेलिकॉप्टर शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीवर कोसळलं. जागा खासगी, शहर जपानी. पण अमेरिकी सैनिकांनी घेरा घातला आणि स्थानिक पोलिसांनाच आत येऊ दिलं नाही. 13 डिसेंबर 2017 ला याच तळाला लागून असलेल्या प्राथमिक शाळेत मैदानावर मुलांचा खेळाचा तास चालू असताना वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरची खिडकी पडली, चौकटीसकट, 7.7 किलोची. शाळांवरून उडणं शक्य तितकं टाळू, असं अमेरिकी लष्कराकडून उत्तर मिळालं. ‘शक्य तितकं’ म्हणजे किती ते पुढच्या काही महिन्यांत कळलं: आकाशात विमान दिसलं की देखरेख करणारा माणूस ओरडायचा आणि मुलं मैदान सोडून आडोशाला पळायची. असं शेकडो वेळा झालं. नंतर मैदानात छपरं बांधून दिली. विमानं तशीच.

आणि 2024. एका अमेरिकी वायुसैनिकावर अल्पवयीन मुलीच्या अपहरणाचा आणि बलात्काराचा खटला मार्चमध्ये दाखल झाला. टोकियोतल्या परराष्ट्र खात्याला ते माहीत होतं, त्यांनी अमेरिकी राजदूताकडे निषेधही नोंदवला. ओकिनावाच्या प्रशासनाला हे कळलं जूनच्या अखेरीस, तेही बातम्यांतून. मधल्या काळात, 16 जूनला, प्रांताच्या विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटते. परक्या फौजेनं स्थानिक सरकारला मोजलं नाही, हे एक वेळ समजू शकतं. स्वतःच्या देशाच्या सरकारनंही मोजलं नाही.

आमच्या पुण्याजवळच्या बोपखेलचा रस्ता लष्करी महाविद्यालयाच्या हद्दीतून जायचा. 2015 मध्ये तो बंद झाला तेव्हा दगडफेकीपर्यंत गोष्ट गेली. ते आपलंच लष्कर, न्यायालय आपलं, आमदार-खासदार आपले. तरी इतकं. यावरून गिनोवानच्या माणसाचं काय होत असेल याचा अंदाज बांधा.

ओकिनावाच्या गव्हर्नरांनी सनदशीर मार्ग सोडला नाही. मासाहिदे ओता यांनी 1995 मध्ये तळांच्या जमिनींच्या भाडेपट्ट्यांवर प्रांतातर्फे सही करायला नकार दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या विरोधात दिला. ताकेशी ओनागा यांनी हेनोकोच्या भरावाची, म्हणजे फुतेन्माऐवजी तिथे नवा तळ बांधायला समुद्र बुजवण्याची, परवानगी रद्द केली. 2016 मध्ये तेही हरले. 24 फेब्रुवारी 2019 च्या सार्वमतात सुमारे 72 टक्के मतं भरावाच्या विरोधात पडली, काम थांबलं नाही. डेनी तामाकी 2018 आणि 2022 अशा दोन निवडणुका जिंकले. त्यांचे वडील अमेरिकी मरीन दलातले सैनिक होते, त्यामुळे त्यांना अमेरिकाद्वेष्टे म्हणायची सोय नाही. त्यांनी भरावाच्या आराखड्यातल्या बदलाला परवानगी नाकारली, तेव्हा 28 डिसेंबर 2023 ला केंद्रीय मंत्र्यानं प्रांताच्या वतीनं स्वतःच परवानगी देऊन टाकली. जपानच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात अशी तरतूद होती, वापरली गेली ती पहिल्यांदाच.

आपण हे सगळं माझ्याहून जवळून पाहिलं आहे. 1996 ते 2000 आपण टोकियोच्या दूतावासात उपप्रमुख होता. त्याच 1996 च्या एप्रिलमध्ये जपानचे पंतप्रधान हाशिमोतो आणि अमेरिकी राजदूत मोंडेल यांनी फुतेन्मा 5 ते 7 वर्षांत परत देऊ, असं जाहीर केलं. पर्यायी तळासाठी हेनोकोत समुद्र बुजवणं चालू आहे, तिथला समुद्रतळ पाण्याच्या पातळीखाली 90 मीटरपर्यंत चिखलाचा निघाला, हजारो खांब रोवावे लागणार. मुदत केव्हाच सरली.

चीनचं काय, हे आपण विचाराल, आणि विचारायलाच हवं. ओकिनावा प्रांतातल्या योनागुनी बेटापासून तैवान सुमारे 110 किलोमीटर. अमेरिकेनं उद्या सगळं आवरून निघून जावं असं मी म्हणत नाही. ओकिनावातही बहुतेक लोक तसं म्हणत नाहीत, त्यांचं म्हणणं ओझं वाटून घ्या असं आहे. तळ गेले तर खातील काय, हा युक्तिवाद मात्र जुना झाला: प्रांताच्या उत्पन्नात तळांचा वाटा आता 5 टक्क्यांच्या आसपास आहे. आणि शत्रूच्या दारातल्या बेटावर लोकच नाराज असतील तर तो तळ लष्करी दृष्टीनं तरी किती भक्कम, हे आपल्यासारख्या मुत्सद्द्याला सांगायला नको.

म्हणून मागणं मर्यादित आहे. क्वाडमध्ये भांडण काढा असं नाही. 1951 ची ती टिपणी मंत्रालयानं मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करावी. भारतीय युद्धनौका ओकिनावाच्या धक्क्याला लागणार असेल किंवा 2009 च्या ‘मलबार’ या नौदल सरावासारखा सराव त्या समुद्रात होणार असेल, तर टोकियोबरोबर नाहाच्या प्रांत कार्यालयालाही आपल्या दूतावासाचं पत्र जावं, कळवण्यापुरतं. आणि पुढच्या दौऱ्यात तिथल्या गव्हर्नरांची भेट घ्यावी. 23 जून जमला तर उत्तम. त्या दिवशी माबुनीच्या टेकडीवर 1945 च्या लढाईतल्या मृतांना आदरांजली वाहतात. तिथल्या शिळांवर 2,40,000 हून जास्त नावं आहेत, जपानी आणि अमेरिकी शेजारी शेजारी.

हानेडाहून नाहाला विमानानं तीनेक तास लागतात. टोकियोला राग येईल अशी आपल्या अधिकाऱ्यांना शंका असेल तर त्यांना सांगावं की गव्हर्नर हे जपानच्याच राज्यघटनेनुसार निवडून आलेले आहेत.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक जपानी भाषेचा विद्यार्थी