कोड्याचे उत्तर आठवडाभर थांबवा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत खंदकाचे कोडे होते: चौकोनी बेट, भोवती १० फूट रुंद खंदक, हाताशी साडेनऊ फुटांच्या दोनच फळ्या. खिळे नाहीत, दोरी नाही, आणि बेटावर पोहोचायचे.

माझी नात दोन संध्याकाळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन बसली, फुटाला सेंटिमीटर धरून. सरळ टाकलेली पट्टी दर वेळी अर्धा सेंटिमीटर कमी पडायची. पट्ट्या जोडून लांब करायच्या, याच विचारात ती अडकली होती. मग तिने एक पट्टी काठाच्या बाहेरच्या कोपऱ्यात तिरकी टेकवली आणि तिच्या मध्यावरून दुसरी बेटाच्या कोपऱ्याकडे नेली. कोपऱ्यातला कर्ण १४.१४, पट्ट्यांची पोच ४.७५ अधिक ९.५, म्हणजे १४.२५. जेमतेम एक मिलिमीटर टेकला, आणि ती आनंदाने ओरडलीच!

हे घडले, कारण मी पानाची घडी घालून उत्तर झाकले होते. आपण ते कोड्याखालीच उलटे छापता. कृपया पुढच्या रविवारी छापा. शिवाय फळीची जाडी आणि वजन धरायचे की नाही, तेही लिहीत जा. नातीने पहिला प्रश्न तोच विचारला होता.

आपला,
एक आजोबा