नावाडी ‘आज नाही’ म्हणाला तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आहे. आता खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या गाड्या चोर्ला नाहीतर आंबोलीचा घाट उतरून समुद्राकडे लागतील. त्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी आणि जावई वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटावर नोकरीला आहेत. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले ते याच बेटावर, एवढे सांगितले की आमच्या गल्लीतल्या पोरांना ते लगेच कळते. गेल्या जानेवारीत मी त्यांच्याकडे होते. सात वर्षांच्या नातवासह आम्ही चौघे, कप्तानासकट भाड्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीतून दक्षिणेकडची बेटे पाहायला निघालो. जाताना वारा साथीला होता, काही त्रास झाला नाही. परतताना सेंट व्हिन्सेंट बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला एका खाडीत नांगर टाकला. पहाटे कप्तानाने रेडिओवर हवामान ऐकले, डोंगराकडे पाहिले आणि म्हणाला, “आज नाही.”

आकाश निरभ्र होते. खाडीतले पाणी परातीतल्या पाण्यासारखे स्थिर. जावयांची रजा संपत आली होती, त्यांनी बरीच हुज्जत घातली. कप्तानाने त्यांना ज्वालामुखीच्या माथ्यावरून पळणारे ढग दाखवले. 1,234 मीटर उंचीचा तो सूफ्रिएर डोंगर आपल्याला आडोसा देतोय म्हणून इथे शांत आहे. बेटाचे टोक ओलांडले की आडोसा संपला. पलीकडे उघडा अटलांटिक, थेट आफ्रिकेपर्यंत. पूर्वेचे वारे तिथे वर्षभर वाहतात आणि डिसेंबर-जानेवारीत आणखी जोर धरतात. तिथले लोक त्यांना ख्रिसमसचे वारे म्हणतात. दोन डोंगराळ बेटांच्या फटीतून वारा घुसतो तो आंबोलीच्या खिंडीतल्यासारखा, आणि खालून पाण्याचा ओढा बोटीला पश्चिमेकडे, मोकळ्या समुद्रात ढकलत असतो. सेंट व्हिन्सेंटपासून सेंट लुशियापर्यंतचे अंतर म्हणाल तर सुमारे 45 किलोमीटर, बेळगावहून संकेश्वर गाठण्याइतके.

दुसऱ्या दिवशीही नाहीच म्हणाला. तिसऱ्या दिवशी निघालो.

पाणी शांत असतानाच त्याने मोठे शीड निम्मे गुंडाळून बांधले. नातवाला जॅकेट घातले, पायांमधून पट्टा घेतला आणि दोन्ही खांद्यांना धरून पोराला जॅकेटसकट वर उचलून पाहिले. जॅकेट कानांपर्यंत सरकले नाही, तेव्हा कुठे त्याने मान हलवली. मग आम्हा प्रत्येकाच्या कमरेचा दोर बोटीच्या कड्यात अडकवला. ती कडी ‘खट्’ वाजली तेव्हा मला हे सगळे जरा अतीच वाटले होते.

टोक ओलांडले आणि दहा मिनिटांत बोट एका अंगावर कलली. लाट यायची ती घराच्या कौलांएवढी. बोट तिच्यावर चढायची आणि पलीकडे अशी आदळायची की दात वाजायचे. खाली तांदळाचा डबा फुटून सगळीकडे तांदूळ झाले, त्यावर खारे पाणी. मुलगी ओकत होती, मी ओकत होते. सोबत नेलेला आलेपाक नातवाच्या तोंडात कोंबला. कप्तान ओरडून सांगत होता, खाली बघू नका, लांबच्या डोंगरावर नजर ठेवा. कान सांगतो हलतेय, डोळा सांगतो स्थिर आहे, त्या भांडणात पोट ढवळते. त्यातच एका लाटेने नातवाला बसल्या जागेवरून उचलून पलीकडच्या कठड्यावर नेऊन टाकले. दोर ताणला गेला आणि तो तिथेच अडकला. दोन हात दोर असेल. मी त्याला ओढून घेतला आणि पुढचे चार तास त्या कडीवरचा अंगठा काढला नाही. सेंट लुशियाच्या किनाऱ्यावरचे दोन उंच सुळके दिसले तेव्हा पोराच्या भुवयांवर मीठ साचले होते.

हे सगळे वारा उतरल्यानंतरचे. परवाच निघालो असतो तर, हे जावई पुढे बरेच दिवस बोलत होते.

आता आपल्याकडचे सांगते. त्याच्या दोन वर्षे आधी आमची वीस जणांची गाडी कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेली होती. नावाडी म्हणाला, “काकी, वारा उठलाय, आज नको.” आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. पहाटे चारला उठून बेळगावहून आलोय, पोरे रडतील, पैसे जास्त घे. त्यात माझाही आवाज होता. तो बिचारा तयार झाला. जॅकेटे होती, पण सगळी मोठ्या माणसांची. भाचीच्या मुलीचे तर तिच्या कानांवर आले होते. आम्ही सुखरूप परतलो म्हणून ती गोष्ट विसरलो. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळच्या वायरीच्या समुद्रात आपल्या बेळगावच्या कॉलेजचे आठ जण बुडाले, हे ठाऊक असूनही विसरलो.

तिकडच्या कप्तानाला ‘नाही’ म्हणणे परवडत होते. त्याचे पैसे दिवसांवर ठरलेले होते, बोट चालो वा न चालो. आपल्याकडच्या नावाड्याचे पोट फेरीवर आहे आणि पावसाळ्यात तेही बंद. त्याने ‘नाही’ म्हणायचे ते स्वतःच्या खिशाला खार लावून, वर आमची बोलणी खाऊन. कृष्णाकाठच्या चिकोडी-अथणीकडे पाणी चढले की नाव बंद होते, तिथे कुणी वाद घालत नाही. समुद्र मात्र आपल्या घाटावरच्या माणसांना मोठा तलावच वाटतो.

म्हणून सहली नेणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना विनंती आहे. बोट ठरवताना आगाऊ पैसे द्या आणि नावाड्याला आधीच सांगा की वाऱ्यामुळे फेरी झाली नाही तरी निम्मे पैसे तुझे. त्या दिवसासाठी एखादा किल्ला, एखादे देऊळ हाताशी ठेवा. आणि लहान मुलाला जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून एकदा उचलून बघा.

निघताना मुलीने नातवाचे ते जॅकेट माझ्या बॅगेत घातले. वीस ते तीस किलो वजनाच्या मुलाला ते बसते. आमच्या आळीतून कुणी लेकराला घेऊन समुद्रावर जाणार असेल तर त्यांनी ते खुशाल न्यावे, आणि परत आणून द्यावे. पायांमधला पट्टा शाबूत आहे, मी कालच पाहिला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर