फ्योर्डमधली शांतता आपोआप आलेली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्योर्ड-सफरीविषयी आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. धबधबे, जूनमध्येही माथ्यावर टिकून राहिलेला बर्फ आणि पाण्याच्या कडेला वसलेली लाकडी घरांची गावे यांचे वर्णन त्यात सुरेख उतरले आहे. मात्र ज्या नौकेतून लेखकाने नेरॉयफ्योर्ड पाहिला, तिचा उल्लेख ती फार शांत होती एवढ्या एका वाक्यात आटोपला, याची रुखरुख लागली. तीच सफर मीही केली आहे, आणि माझे नोकरीचे सारे आयुष्य वीजवितरणाच्या कामात गेल्यामुळे त्या शांततेमागे काय काय उभे आहे, हे मला तिथे बारकाईने पाहता आले. एका देशाने ठरवून, पैसा खर्चून आणि बऱ्याच अडचणी सोडवून ती शांतता मिळवली आहे. आपल्याकडून दरवर्षी एवढी मंडळी तिथे जातात, तेव्हा वाचकांना हे कळावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्यांनी फ्योर्ड पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी जागेविषयी सांगायला हवे. हिमयुगात हिमनद्यांनी कोरून काढलेल्या खोल दऱ्यांत पुढे समुद्र शिरला आणि फ्योर्ड तयार झाले. त्यांतला सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून अधिक आत शिरलेला असून त्याची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते. त्याची एक शाखा आउरलांडफ्योर्ड, आणि त्या शाखेलाही फुटलेली उपशाखा म्हणजे नेरॉयफ्योर्ड. तो जेमतेम १७-१८ किलोमीटर लांबीचा आहे; सर्वांत अरुंद ठिकाणी त्याची रुंदी केवळ २५० मीटर भरते आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच कडे सरळ पाण्यात उतरतात. गायरांगरफ्योर्डसह या परिसराला २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा अरुंद घळीत इंजिनाचा आवाज एका कड्यावर आपटून दुसऱ्यावर जातो आणि बोट निघून गेल्यावरही रेंगाळतो. धुराचेही तसेच होते. उन्हाळ्यातल्या निवांत, वारा नसलेल्या दिवशी वरच्या उबदार हवेच्या थराखाली खालची थंड हवा अडकून पडते, तिच्याबरोबर जहाजांच्या धुरांड्यांतून निघालेला धूरही अडकतो, आणि गावावर निळसर पट्टा तासन्‌तास तरंगत राहतो. पर्यटकांनी भरलेली मोठी जहाजे वाढत गेली, तसतशी किनाऱ्यावरच्या रहिवाशांची तक्रारही वाढत गेली.

नॉर्वेच्या सागरी प्रशासनाने या फ्योर्डांतल्या उत्सर्जनाचा अभ्यास केला आणि १ मार्च २०१९ पासून इंधनातील गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सांडपाणी यांबाबत इतर समुद्रापेक्षा कडक नियम लागू केले. त्याआधी, २०१८ च्या मे महिन्यात, तिथल्या संसदेने जागतिक वारसा असलेल्या फ्योर्डांत पर्यटक जहाजे आणि फेरीबोटी शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २०२६ पर्यंत, उत्सर्जनमुक्त व्हाव्यात असा ठराव केला होता. हवा स्वच्छ करण्यासाठी घेतलेला हा निर्णय कानांनाही लाभला.

नौकांची गोष्ट मात्र ठरावाच्याही आधी सुरू होते. सोग्नेफ्योर्डवरच लाविक ते ओप्पेदाल या मार्गावर २०१५ साली 'अँपिअर' ही संपूर्णपणे विजेवर चालणारी, मोटारी वाहून नेणारी जगातली पहिली फेरीबोट सुरू झाली. सहा किलोमीटरांहून थोडे कमी अंतर, सुमारे वीस मिनिटांचा प्रवास, आणि मधल्या दहा-एक मिनिटांच्या थांब्यात धक्क्यावर चार्जिंग, असा तिचा दिवसभराचा क्रम. सरकारने फेरीसेवेचे कंत्राट देतानाच पर्यावरणाला मानवणाऱ्या नव्या रचनेची स्पर्धा लावली, म्हणून ती जन्माला आली. कोणा हौशी कंपनीच्या मनात आले म्हणून नव्हे. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, फ्लोम ते गुडवांगेन या पर्यटक मार्गावर 'व्हिजन ऑफ द फ्योर्ड्स' ही हायब्रिड नौका आली. मोकळ्या पाण्यात डिझेल इंजिनावर वेगाने जायचे आणि नेरॉयफ्योर्डच्या अरुंद भागात शिरताना इंजिन बंद करून बॅटरीवर ताशी सुमारे ८ सागरी मैल वेगाने सावकाश पुढे सरकायचे, ही तिची मूळ रीत. तिच्या बाहेरच्या बाजूने डोंगरातल्या पायवाटेसारखा नागमोडी, चढता मार्ग काढलेला आहे, त्यामुळे प्रवासी खिडकीपाशी गर्दी न करता चालत चालत वरच्या डेकवर पोहोचतात आणि प्रत्येकाला कड्यांकडे पाहायला मोकळी जागा मिळते. त्यानंतर २०१८ साली तिच्याच धर्तीची 'फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स' आली, तिच्यात मात्र डिझेलला जागाच ठेवलेली नाही. ४२ मीटर लांब, ४०० प्रवाशांची, कार्बन फायबरची ही हलकी नौका १,८०० युनिट वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांवर चालते. महिन्याला दीडशे युनिट वापरणारी बारा घरे महिनाभरात जेवढी वीज वापरतील, तेवढी वीज त्या एका नौकेच्या पोटात मावते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्याकडे येतो. बॅटरीवरची नौका बांधणे तुलनेने सोपे. ती भरायची कुठे, हा खरा प्रश्न. गुडवांगेन हे फ्योर्डच्या टोकाला वसलेले अगदी लहानसे गाव. तिथली वीजवाहिनी गावाच्या गरजेपुरतीच. वीस मिनिटांत शेकडो युनिट खेचणारी नौका तिला थेट जोडली, तर गावातला विजेचा दाब कोसळेल, हे माझ्या व्यवसायातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. नवी उच्चदाब वाहिनी डोंगरातून आणायची, तर तिचे मनोरे पुन्हा त्याच वारसा-परिसरात उभे राहणार. यावर त्यांनी काढलेला मार्ग पाहून मी धक्क्यावर बराच वेळ उभा होतो. पाण्यावर तरंगणारा ४० मीटर लांबीचा एक धक्का आहे आणि त्याच्या पोटात २,४०० युनिटांचा बॅटरीसंच बसवलेला आहे. हा संच गावच्या वाहिनीतून दिवसभर थोडी थोडी वीज घेत राहतो आणि नौका लागली की आपली साठवण तिला भराभर देतो. अगदी आपल्या सोसायटीत नळाच्या बारीक धारेने टाकी भरून ठेवावी आणि सकाळी सगळ्यांनी एकदम वापरावी तसे. नौका आली, दोर बांधले गेले, एका कर्मचाऱ्याने जाड केबल ओढून तिच्या बाजूच्या खोबणीत बसवली, आणि उतरणारे उतरून चढणारे चढेपर्यंत काम होत आले. ना घरघर, ना डिझेलचा वास. आसपासच्या पर्यटकांपैकी जवळपास कोणीच तिकडे पाहत नव्हते, सगळ्यांचे कॅमेरे धबधब्याकडे होते. 'अँपिअर'च्या दोन्ही धक्क्यांवरही याच कारणासाठी किनाऱ्यावर बॅटऱ्या बसवाव्या लागल्या होत्या. आपल्याकडे विजेवरच्या वाहनांची चर्चा वाहनापाशीच सुरू होऊन तिथेच संपते. भार पेलणाऱ्या वाहिनीचा विचार मागाहून होतो. म्हणून हा तपशील मुद्दाम लिहिला.

बर्गेनहून सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येण्याची जी दिवसभराची सहल बहुतेक पर्यटक करतात, तिचा बराचसा भाग आज विजेवर होतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. बर्गेनची मुख्य रेल्वे विजेवर चालते, म्युरदाल स्थानकापासून सुमारे ८६५ मीटर उंची उतरत २० किलोमीटरांत समुद्रपातळीला येणारी फ्लोमची प्रसिद्ध रेल्वेही विजेवर चालते, आणि त्यापुढची दोन तासांची नौकाही विजेवर. ही वीज मुख्यत्वे पाण्यापासून तयार होते. ज्या पावसाने आणि बर्फाने ते धबधबे वाहतात, त्याच पाण्यावर देशाची जनित्रेही फिरतात.

आणि कानांना काय मिळते? फ्लोमहून निघाल्यावर थोड्या वेळाने उंद्रेदाल हे शेळ्यांच्या चीजसाठी नावाजलेले गाव लागते. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर असूनही उतारावर चरणाऱ्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा मला स्वच्छ ऐकू आल्या. पुढे नेरॉयफ्योर्डमध्ये वळल्यावर बोलणारी माणसेही, कोणी न सांगता, हळू बोलू लागली. धबधबा आधी दिसतो, पांढऱ्या दोऱ्यासारखा, अगदी मुका. नौका जवळ जाऊ लागली की त्याचा आवाज येऊ लागतो, मग त्या आवाजाचे दोन भाग कळतात, वरच्या पडण्याचा जाड आवाज आणि खाली खडकांवरून पाण्यात शिरताना होणारा बारीक खळखळाट. डिझेलच्या घरघरीत हा भेद कळणे शक्यच नव्हते. ज्या सहप्रवाशांना गुडघेदुखीमुळे वरच्या डेकवर येता येत नव्हते, त्यांनाही खाली बसल्या जागी हे सारे मिळत होते.

पाण्याखालचा विचार थोडा वेगळा आहे, आणि त्याबाबत अतिशयोक्ती करू नये. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने आणि दूरवर जातो, आणि सील किंवा शिंशुक यांसारखे प्राणी बऱ्याच अंशी ध्वनीवरच जगतात. इंजिन बंद झाले तरी नौकेला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा फिरतोच, आणि तो वेगाने फिरला की त्याच्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात व मोठा आवाज करतात. म्हणजे केवळ बॅटरी बसवून भागत नाही, वेगही कमी ठेवावा लागतो. सावकाश जाणाऱ्या हलक्या नौकेचा दुसरा फायदा म्हणजे तिच्यामागे उठणाऱ्या लाटा लहान असतात आणि किनाऱ्यावरची जुनी शेते, धक्के व बोटघरे यांना त्यांचा मार बसत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेल्या देशाने आपल्या सुंदर फ्योर्डांत विजेच्या नौका फिरवाव्यात, हे दिखाऊ नाही का, असे काही जण विचारतात. नॉर्वेच्या धोरणात ही विसंगती आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. परंतु आज त्या देशात विजेवर चालणाऱ्या फेरीबोटींची संख्या कित्येक डझनांवर गेली आहे, आणि त्यांतल्या बहुतेक पर्यटकांसाठी नसून शाळेत, कामावर, दवाखान्यात जाणाऱ्या स्थानिकांसाठी आहेत. दिखाव्यासाठी कोणी असा रोजचा व्यवहार बदलत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. २०१८ च्या ठरावातली मुदत सर्वांसाठी एकच होती. पुढे १ जानेवारी २०२६ ची अट १०,००० एकूण टनांहून (हे वजन नव्हे, जहाजाच्या आकारमानाचे माप) लहान प्रवासी जहाजांपुरती ठेवून त्याहून मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत दिली गेली. तंत्रज्ञान अजून तयार नाही आणि गावांचे पर्यटनाचे उत्पन्न बुडेल, ही कारणे पूर्णपणे खोटी नाहीत. तरीही सर्वाधिक धूर सोडणाऱ्यालाच सर्वाधिक मुदत मिळावी, हे मला पटत नाही.

आता आपल्या मंडळींविषयी. मुंबई-पुण्याच्या सहल-कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'फ्योर्ड क्रूझ' एवढेच छापलेले असते. नौका कोणती, पूर्ण मार्ग बॅटरीवर आहे की अर्धा, प्रवास दोन तासांचा की चार, काही कळत नाही. हॉटेलला किती तारे आहेत आणि जेवणात काय काय मिळेल, याचा तपशील जो ग्राहक विचारतो, त्याने हाही विचारला तर कंपन्या तो छापू लागतील. 'हायब्रिड' शब्द वाचून समाधान मानू नये. कुठल्या टप्प्यात कुठले इंधन, हे विचारावे. दुसरी विनंती सहलप्रमुखांना. आमच्या गटात माहिती सांगण्याचा कार्यक्रम अगदी अरुंद भागात नौका असताना ध्वनिवर्धकावरून सुरू झाला, आणि त्यापाठोपाठ कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर गाणी. गाणी मलाही प्रिय आहेत. पण माहिती आधी रेल्वेत सांगता येते, गाणी परतीच्या बसमध्ये लावता येतात. तो पाऊण तास फक्त ऐकण्यासाठी मोकळा सोडावा. त्याच नौकेवर इतर देशांचे प्रवासीही असतात, आणि त्यांनीही त्यासाठीच पैसे मोजलेले असतात.

घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारशात आहेत, आणि गेट वे ऑफ इंडियाहून तिथे जाणाऱ्या लाकडी लाँचमध्ये तासभर डिझेलचा धूर व घरघर सोसावी लागते. तिथले अंतर 'अँपिअर'च्या मार्गापेक्षा जास्त आणि समुद्र अधिक खवळणारा, म्हणून नॉर्वेची नक्कल चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण केरळात वैक्कम येथे २०१७ पासून सौरऊर्जेवरची फेरीबोट प्रवासी नेते आहे, आणि २०२३ मध्ये कोचीत वॉटर मेट्रोच्या हायब्रिड विद्युत नौका सुरू झाल्या. त्या आपल्याच देशात, कोचीच्याच गोदीत बांधल्या गेल्या. तेव्हा अशा नौका कोण बांधणार, हा प्रश्न उरलेला नाही. घारापुरीच्या लाँचमालकांना कर्ज आणि धक्क्यावर वीज कोण देणार, हा उरला आहे, आणि त्यावर आपल्या वार्ताहराने संबंधित खात्यांना विचारून एक सविस्तर वृत्तान्त द्यावा, अशी विनंती आहे.

ज्यांचे येत्या उन्हाळ्याचे आरक्षण व्हायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक माहिती: फ्लोम-गुडवांगेन सेवा वर्षभर चालते, आणि जुलैच्या गर्दीपेक्षा मे महिन्याचा उत्तरार्ध मला अधिक योग्य वाटतो, कारण तेव्हा बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरलेले असतात आणि डेकवर उभे राहायला जागा मिळते.

आपला विश्वासू,
वीजवितरण क्षेत्रातील एक निवृत्त अभियंता, सांगली