बॅटरी मे महिन्यातच मेली होती

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी वावरात तुरीले पाणी देत होतो, एका हातात मोबाईल अन् दुसऱ्या हातात फावडं, म्हणून नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. आता जेवण झालं, निवांत लिहून राहिलो.

थंडीसाठी गाडी कशी तयार करायची म्हणून तू पाठवलेला व्हिडीओ पाहिला बे. त्या बाबाच्या अंगणात गुडघाभर बर्फ अन् तो सांगून राहिला की विंटर टायर घ्या, टायरले चेन बांधा. तुझी बदली चिखलदऱ्याले झाली, मनालीले नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता तर लोकं अजून त्याच्या गोष्टी सांगतात, एवढी आपली थंडी. थंडीनं आपल्याकडं गाडी बिघडत नाही, उन्हाळ्यानं अन् पावसानं जे करून ठेवलं असते ना, ते थंडीत वर येते. तू आधी ते पाहा, चेनचं नंतर पाहू.

पहिलं काम बॅटरीचं. मागच्या पौषात मायले डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीले न्यायचं होतं, पहाटे साडेपाचले निघायचं. माय मागच्या सीटवर शाल गुंडाळून, मांडीवर डब्बा घेऊन बसली अन् मी चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. आदल्या रात्री गाडी चांगली चालली होती बरं का. मग मी, शेजारचे काका अन् दूधवाला, तिघांनी मिळून ढकलली, अन् माय आतून म्हणते, "मी उतरू का रे, वजन कमी होईल." दुपारी मिस्त्रीले दाखवलं तर त्यानं दोन मिनिटात निकाल दिला, "भाऊ, हे बॅटरी मे मयन्यातच मेली व्हती, तुमाले आता तेरवीचं आमंत्रण भेटलं."

अन् खरंच आहे ते. आपल्या ४५ डिग्रीत बॅटरीतलं पाणी उडते, प्लेटी खराब होतात. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असते, कमजोर बॅटरीही इंजिन फिरवून नेते. थंडीत ऑइल घट्ट, बॅटरीही सुस्त, वरून तुझी डिझेल, तिचा हीटर प्लग वेगळा करंट खाते. म्हणून व्होल्ट मोजायचा एक साधा मीटर घे अन् रात्रभर उभ्या गाडीचं पहाटेले माप. १२.६ व्होल्ट आला तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच राहिली, अन् इंजिन चालू केल्यावर १४ च्या आसपास दिसलं पायजे, नाही तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करते ते, मिस्त्रीले दाखव. टर्मिनलवर हिरवा-पांढरा फुलोरा असेल तर आधी काळी वायर काढ, मग लाल, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून घास अन् वरून व्हॅसलीन लाव.

आता चिखल. तू खाली आपल्या गावात तीन महिने गाडी फिरवली, अन् काळी माती सुकली तरी आतून ओलीच राहते, पत्रा खाते बाप्पा. मी यंदा दिवाळीनंतर पुढच्या चाकावरचं प्लास्टिक खोललं तर टोपलंभर माती निघाली, अन् त्यात सोयाबीनचा एक दाणा मस्त दोन पानं काढून उभा होता! वावरातलं अर्धं पिवळं पडलं अन् हा गाडीत हिरवागार. दाराच्या खालच्या काठाले पाणी निघायची बारीक छिद्रं असतात, तीही झाडूच्या काडीनं मोकळी कर, दार हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर समज बुजली आहेत.

तुझ्याकडं वर खरा त्रास काचेचा होईन. धुकं बाहेर असतेच, पण आतूनही काच वाफ धरते, अन् लोकं हातानं पुसत बसतात. मॅट काढून उन्हात वाळव, ओली मॅट म्हणजे रात्रभर गाडीत भिजलेलं पोतं ठेवल्यासारखं. काच धरली की एसी लाव. थंडीत एसी काहून म्हणशील, पण एसी हवेतलं पाणी ओढून घेते, सोबत हीटर चालू ठेव अन् हवा बाहेरून घे, आतल्या आत फिरवू नको. वायपरचं रबर उन्हानं करकरीत झालं असेल, सरळ बदलून टाक. अन् धुक्यात अप्पर, म्हणजे लाईटचा वरचा झोत, मारू नको, पांढरी भिंत दिसते नुसती, डिप्परवर हळूहळू चाल. खाली कापसाचे ट्रॅक्टर मागे लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही असे चालतात, मी एकदा अगदी दहा हातावर ब्रेक मारला, त्या दिवशी चहाचा कप धरवत नव्हता.

टायरची नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर खोल असली तरी चालते, पण घाटात तीनच्या खाली गेली की मी तरी टायर ठेवत नाही. दवानं भिजलेला सागाचा पाला वळणावर पडलेला असते, त्यावरून गाडी साबणासारखी घसरते. हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपास, दहा डिग्री उतरली की दोनेक पॉइंट (पीएसआय) कमी दाखवते.

कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवायच्या पाण्याचं, थोडक्यात सांगतो. बर्फ जमत नाही म्हणून बोअरचं पाणी टाकू नको, खार धरते. मी ज्याच्याकडून गाडी घेतली त्यानं तेच केलं होतं, रेडिएटरमधून चहा निघाला. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर.

अन् उंदीर! सोयाबीन निघालं की वावरातले उंदीर घराकडं येतात, अन् बोनेटखाली गरम असते. परवा एअर फिल्टरचा डब्बा उघडला तर आत कापसाची गादी, चार शेंगा, अन् बोनेटच्या आतल्या फोमचे तुकडे, पूर्ण संसार. वायर कुरतडली नव्हती म्हणून वाचलो. डांबर गोळ्या ठेवून पाहिल्या, त्यांनी त्याही बाजूले सारून ठेवल्या. आता रात्री बोनेट थोडं उघडं ठेवतो, अंधार अन् ऊब नसली की ते येत नाहीत असं मिस्त्री म्हणते, अजून तरी आले नाहीत.

रविवारी उतरून ये, दोघं मिळून तुझं बोनेट उघडून पाहू, मीटर माझ्याकडं आहे. येताना तिथली कॉफी आण अर्धा किलो, मायचा डोळा आता चांगला आहे अन् ती दोनदा विचारून राहिली की बाळ्या कधी येते. वहिनीले अन् पोराले सोबत आण.

तुझाच,
ढकलगाडीवाला