मूळ पानांचे भाव आणि आपली कुरकुर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कॉमिकच्या ज्या मूळ पानावर, म्हणजे छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेल्या कागदावर, तू कित्येक महिने डोळा ठेवून होतास, त्याचा लिलावातला हातोडा तू ठरवलेल्या रकमेच्या तिपटीवर पडला आणि ‘हा छंद आता आपल्यासारख्यांचा राहिला नाही’ असे तू चिडून लिहिलेस. मोठा लिलाव आटोपला की दुसऱ्या दिवशी मूळ कॉमिक चित्रे जमवणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच बोलतो, त्यामुळे मला नवल वाटले नाही. गंमत अशी की बोलणाऱ्याच्या कपाटात त्याच चित्रकाराची एक-दोन पाने असली, तर हे वाक्य तोंडातून बाहेर पडते न पडते तोच त्यांची आजची किंमत तो मनातल्या मनात मांडू लागतो. घेणारा म्हणून हळहळायचे आणि मालक म्हणून सुखावायचे, ही दोन्ही कामे आपण एकाच वेळी करतो. तूही पत्राच्या शेवटी ‘मग माझ्याजवळचे पान आताच विकून टाकू का?’ असे विचारले आहेसच.

आधी त्या गाजलेल्या विक्रीबद्दल लिहितो, कारण तुझा सगळा हिशेब तिच्यापासून सुरू झालेला दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये डॅलसच्या हेरिटेज लिलावगृहात मार्व्हल या प्रकाशनाच्या ‘सीक्रेट वॉर्स’ या कॉमिकच्या आठव्या अंकातील २५ वे पान ३३ लाख ६० हजार डॉलरना गेले. माइक झेकने १९८४ साली काढलेले हे पान. स्पायडर-मॅनला त्याचा काळा पोशाख कसा मिळाला, ते त्यावर दिसते. बोलीची सुरुवातच ३ लाख ३० हजारांपासून झाली होती. अमेरिकी कॉमिकच्या आतल्या पानाचा त्याआधीचा उच्चांक ६,५७,२५० डॉलरचा होता. हर्ब ट्रिम्पने काढलेल्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८० व्या अंकातील शेवटच्या पानाने, म्हणजे वुल्व्हरिन हे पात्र प्रथम समोर येते त्या पानाने, तो २०१४ मध्ये केला होता. म्हणजे आठ वर्षांच्या आत उच्चांक पाचपट झाला. २०२२ च्याच जूनमध्ये फ्रँक मिलरच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या बॅटमॅनच्या कथेच्या पहिल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ २४ लाख डॉलरना विकले गेले, तेव्हा तर ‘फुगा आहे, फुटणार’ म्हणणारे आणि ‘ही तर सुरुवात आहे’ म्हणणारे असे सरळ दोन तट पडले.

माझे दोन्ही तटांशी पटत नाही. लिलावातली किंमत जिंकणारा ठरवत नाही. ती ठरवतो तो, जो शेवटच्या पायरीपर्यंत त्याच्याशी झुंजून मागे हटतो. त्या एका पानासाठी अशी दोन माणसे त्या दिवशी हजर होती, एवढेच त्या आकड्यावरून सिद्ध होते. पुढच्या महिन्यात तसेच दुसरे पान आले, तर जिंकलेल्याची भूक भागलेली असते आणि हरलेल्याने पैसे कदाचित दुसरीकडे गुंतवलेले असतात. २०२०-२१ मध्ये व्याजदर तळाला होते, घरात अडकलेल्या लोकांच्या हातात पैसा होता, आणि त्या तेजीत चढलेल्या पुष्कळ वस्तूंचे भाव नंतर खाली आले. उच्चांकाला बाजारभाव समजण्याची घाई आपणच करतो, आणि मग महाग झाले म्हणून रडतोही आपणच.

शिवाय त्या रकमेतला मोठा हिस्सा रेखाटनाचा नाही, प्रसंगाचा आहे. त्या काळ्या पोशाखातून पुढे व्हेनम हे पात्र निघाले, म्हणून ते पान इतके चढले. झेकचा हात पाहायचा असेल तर त्यानेच १९८७ साली काढलेल्या ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ या स्पायडर-मॅनच्याच कथेची पाने घ्यावीत, छायेचा वापर, पावसाळी रात्र, चौकटींची लय या सगळ्यांत ती मला निःसंशय वरचढ वाटतात. म्हणूनच ‘चित्रकलेला अखेर दाद मिळाली’ असे जे काही संग्राहक आनंदाने म्हणाले, त्यांच्या आनंदात मी सामील झालो नाही. दाद मिळाली ती पात्राच्या जन्माला.

युरोपातला प्रकार थोडा वेगळा आहे. टिनटिनचा जनक एर्जे याने १९३६ साली ‘द ब्लू लोटस’ या टिनटिनच्या पुस्तकासाठी केलेले मुखपृष्ठ जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या आर्टक्युरिअल लिलावगृहात सुमारे ३२ लाख युरोंना गेले. ते छापायला महाग पडेल म्हणून त्या वेळी बाजूला ठेवले गेले होते. विकणाऱ्या कुटुंबाची हकिकत अशी की एर्जेने ते प्रकाशकाच्या लहान मुलाला दिले आणि पोराने घड्या घालून खणात ठेवले. घड्यांच्या खुणा चित्रावर स्पष्ट दिसतात. या हकिकतीबद्दल काही जाणकारांनी उघड शंका घेतल्या. चित्र खरे की खोटे हा वाद नव्हताच. ते चित्रकाराच्या हातून सुटले कसे, हा होता. भाव चढले की असले प्रश्न विचारणारे वाढतात, हा मला महागाईचा एक फायदाच वाटतो. पान पन्नास डॉलरला मिळत होते तेव्हा ते कुणाच्या हातून कसे आले, हे कोण विचारत होते?

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. ‘पैसेवाल्यांनी छंद नासवला’ असे तू म्हणतोस. पण या पानांना पैशात किंमत नव्हती त्या काळात त्यांचे काय झाले ते आठव. अमेरिकी प्रकाशकांच्या दृष्टीने छपाई झाली की मूळ पानाचा उपयोग संपे. कुणी ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटली, कुणी फाडली, कुणी सरळ कचऱ्यात टाकली. चित्रकाराला पाने परत देण्याची पद्धत मोठ्या प्रकाशनांत रुजली ती १९७० च्या दशकात. इ.सी. कॉमिक्सच्या बिल गेन्सने आपल्या प्रकाशनाची जवळजवळ सगळी मूळ पाने जपून ठेवली आणि पुढे रस कॉक्रनमार्फत ती लिलावाने विकली, म्हणून तेवढा संग्रह अखंड पाहता तरी आला. मार्व्हलची कित्येक पात्रे घडवणाऱ्या जॅक कर्बी या चित्रकाराला मात्र मार्व्हलशी वर्षानुवर्षे भांडावे लागले, आणि १९८७ मध्ये त्याच्या हाती आली ती सुमारे १,९०० पाने. त्याने त्या प्रकाशनासाठी काढलेल्या पानांचा तो लहानसा भाग होता. मूळ पान ही जपायची वस्तू आहे, हे जगाला पटवून देण्यात तुझ्या-माझ्यासारख्या वेड्यांनी मोजलेल्या पैशाचाही वाटा आहे. तेव्हा किंमत आली म्हणून गळा काढणे आपल्याला फारसे शोभत नाही.

राग धरायचाच असेल, तर तो चित्रकाराच्या बाजूने धर. फ्रान्समध्ये पुनर्विक्रीचा हक्क कायद्याने दिलेला आहे: चित्र पुन्हा विकले गेले की चित्रकाराला, आणि त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांना, किमतीतला वाटा मिळतो. पहिल्या ५० हजार युरोंवर ४ टक्के, पुढे टक्केवारी उतरत जाते आणि एका विक्रीमागे १२,५०० युरोंची कमाल मर्यादा आहे. रक्कम फार नाही, पण तत्त्व मान्य झालेले आहे. अमेरिकेत असा हक्कच नाही. ज्याने पान तरुणपणी घरभाड्यासाठी चार पैशांत विकले, त्याने म्हातारपणी त्याच पानाचा लाखांचा आकडा वर्तमानपत्रात वाचायचा आणि गप्प बसायचे. ‘मला परवडत नाही’ ही आपली तक्रार याच्यासमोर फारच किरकोळ आहे. त्या ‘हल्क’च्या पानाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. ट्रिम्पने ते १९८३ साली एका तरुण वाचकाला भेट दिले होते. २०१४ मध्ये विकताना त्या माणसाने आलेल्या पैशांतला मोठा भाग हीरो इनिशिएटिव्ह या, गरजू कॉमिक कलावंतांना मदत करणाऱ्या संस्थेला दिला.

आणि महागाईवरची सर्वांत मोठ्या मनाची प्रतिक्रिया तर याच्याही आधीची आहे. स्पायडर-मॅनची पहिली कथा ज्यात आली त्या ‘अमेझिंग फँटसी’ १५ ची, स्टीव्ह डिटकोने काढलेली सगळी २४ मूळ पाने २००८ मध्ये एका अनामिकाने लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, देऊन टाकली. आज ती लिलावात उतरली असती तर वर लिहिलेले सगळे आकडे बाजूला पडले असते, असे मला खात्रीने वाटते. आता ती कुणाच्याच कपाटात जाणार नाहीत, आणि त्यांच्या भावावरून कुणी भांडणारही नाही.

तुझ्या पानाबद्दल. विकण्याचा विचार करण्यापूर्वी हिशेब नीट मांड. जाहीर होणाऱ्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क मिसळलेले असते. हातोडा २८ लाखांवर पडला आणि त्यावर २० टक्के चढले की ३३ लाख ६० हजार होतात. विकणाऱ्याच्या हाती हातोड्याची रक्कम येते, आणि कमिशन माफ करण्याचे घासाघीस करून ठरवलेले नसेल तर त्या रकमेतूनही ते जाते. तू अमेरिकेत कर भरतोस, तेव्हा दीर्घ मुदतीच्या संग्राह्य वस्तूंवरील नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, हेही धर. पानाला पान देऊन अदलाबदल करावी आणि कर पुढे ढकलावा, ही जुनी वाट २०१८ पासून बंद झाली आहे. शेवटी उरेल त्या पैशात त्याच तोलाचे दुसरे पान येईल का, हे पाहा. मला तरी येईलसे वाटत नाही.

त्यापेक्षा पान एकदा चौकटीतून काढून उजेडात धर. त्यावरचे शाईचे काम मला अजून आठवते: नायकाच्या मुठीवर पांढरा रंग भरून बोटे पुन्हा काढली आहेत, आणि तिरप्या उजेडात खालची पहिली मूठ दिसते. समासात निळ्या पेन्सिलीत लिहिलेली सूचना आहे, कारण तो निळा छपाईच्या कॅमेऱ्यात उमटत नसे. संवादाच्या एका फुग्याचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून चिकटवला आहे आणि त्याखालचा गोंद तपकिरी झाला आहे. हल्ली मजकूर संगणकावर बसवतात, त्यामुळे नव्या पानांवर फुगेच नसतात. पुष्कळ चित्रकार तर पडद्यावरच काढतात आणि मूळ पान असे काही उरतच नाही. काही ठिकाणी पेन्सिलीचे काम एका कागदावर राहते आणि शाई दुसऱ्या कागदावर, त्या पेन्सिलकामाच्या निळ्या रेघांत काढलेल्या छापावर होते. मग एकाच पानाचे दोन ‘मूळ’ बाजारात फिरतात. तुझ्या पानावर मात्र पेन्सिल, शाई, चूक, दुरुस्ती आणि मजकूर सगळे एकाच कागदावर आहे. भाव चढण्याची जी कारणे सांगतात, त्यांपैकी हे एक मला पूर्णपणे पटते.

येत्या लिलावाची यादी आली की मलाही पाठव. तू हरलास त्याच चित्रकाराची, पण नायक नसलेली, नुसती गर्दीची किंवा रस्त्याची पाने त्यात असतील तर ती आधी बघ. प्रसंगासाठी बोली लावणारे तिकडे फिरकत नाहीत, आणि हा माणूस गर्दी फार सुरेख काढतो. बोलीची मर्यादा शुल्क धरून ठरव. आणि पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवायला विसरू नकोस; शिक्के, जुनी नावे, चिकटपट्टीचे डाग सगळे तिथेच असते.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र