स्लाइड मशीन वाचेल, रिपोर्ट कोण सांगणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आता कॉम्प्युटरच्या मदतीने होणार, हे वाचून बरं वाटलं. एकोणतीस वर्षं मी बेळगावात लॅबमध्ये पॅप स्मियरच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरून काढून काचेवर पसरलेल्या पेशींच्या, स्लाइडी पाहिल्या. एका काचेवर हजारो पेशी. त्यातल्या दहा-बारांचं केंद्रक मोठं, काळपट, वेडंवाकडं. चाळिसाव्या स्लाइडला डोळे चुरचुरायला लागतात आणि नेमक्या त्याच निसटतात. मशीन संशयाच्या जागा काढून देईल, निदान पॅथॉलॉजिस्ट करतील. एवढी मदत कोणाला नको? (नमुना काचेवर ओढल्याबरोबर अल्कोहोलमध्ये बुडवला नाही आणि तो वाळला, तर मशीन तरी काय डोंबल वाचणार!)

माझं दुखणं वेगळंच आहे. खानापूरच्या जंगलाकडच्या गावातल्या एका बाईने शिबिरात नमुना दिला होता. स्लाइड मीच पाहिली. पेशी चांगल्या नव्हत्या, रिपोर्टही वेळेत गेला. पण फॉर्मवरचा नंबर गोव्याला कामाला गेलेल्या मुलाचा, तो बंद. कागद इंग्रजीत, शिक्का कन्नडात. तो ओपीडीच्या खणातच पडून राहिला. आठ महिन्यांनी बाई आली ती अंगावरून रक्त जातंय म्हणून. "तुमच्याकडनं काय निरोप आला नाही, म्हटलं सगळं बरंच असणार," म्हणाली.

हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि त्याची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. एवढी सवड देणारा रोग विरळाच. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या कॅन्सरची तपासणी कधी ना कधी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायका देशभरात शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. उलट उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला, त्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे कार्यकर्त्या घरोघर जाऊन बायकांना बोलावत होत्या, ही गोष्ट मशीन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

मशीन जरूर आणा. पण फॉर्मवर दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक शेजारणीचा. कोणती भाषा वाचता येते त्याचा एक रकाना ठेवा. आणि रिपोर्ट खराब आला तर तो आठवड्याच्या आत आशाताईच्या हातून, मराठीत, त्या बाईच्या उंबऱ्यावर पोचला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, खानापूर